शेततळ्यातले मासे पहाटे तोंड वर काढतात: उन्हाळ्यात काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

होळी झाली की प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यांतून एकच तक्रार सुरू होते आणि पावसाळा लागेपर्यंत ती थांबत नाही. बहुतेकदा दरवर्षी त्याच त्या तळ्यांतून. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, काहीही सोडलं असेल तरी खालच्यातली तीन-चार लक्षणं जुळली, तर हे तुमच्यासाठी आहे.

लक्षणं

- पहाटे चारपासून मासे पृष्ठभागाला येऊन तोंडाची उघडझाप करतात. ऊन वर आलं की, साधारण नऊ-दहाला, खाली जातात. दिवसभर जणू काही झालंच नाही.
- काठावर माणूस गेला तरी दचकून बुडी मारत नाहीत.
- पाणी पडतं त्या पाइपाखाली गर्दी करतात.
- सकाळी टाकलेलं खाद्य तसंच तरंगत राहतं.
- मेले तर एका रात्रीत मरतात आणि मोठे आधी जातात. तोंड उघडं, कल्ले फाकलेले.
- पाण्याचा हिरवा रंग एक-दोन दिवसांत तपकिरी किंवा राखाडी झालेला असतो, कधी वास सुटतो.

मोठे आधी का? हवेला लागून असलेला पाण्याचा एक पातळ थर असतो, त्यात ऑक्सिजन थोडा जास्त असतो. लहान तोंडाला तेवढंच पाणी नेमकं ओढता येतं, किलोभराच्या कटल्याला ते साधत नाही. रोज दोन-तीन, लहान-मोठे मिसळून, अंगावर जखमा घेऊन मरत असतील तर ते दुखणं वेगळं आहे. तिथे या यादीत वेळ घालवू नका, सरळ शेवटच्या भागाकडे जा.

ऊन मासा मारतं का?

नाही, निदान थेट नाही. रोहू-कटला-मृगळ यांची तापमान सोसण्याची मर्यादा मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत तपासली गेली आहे. हळूहळू गरम पाण्याची सवय लावली तर हे मासे चाळीस अंशांच्याही पुढे तग धरतात. मात्र जितकी सवय वरच्या तापमानाची, तितका ते ऑक्सिजन जास्त वापरतात. आपल्या तळ्याचं पाणी मे महिन्यात वर ३३-३४ अंशांपर्यंत जातं. म्हणजे मर्यादा अजून लांब आहे. मग मरतात कशाने, हाच प्रश्न आहे.

मासा थंड रक्ताचा, पाणी जेवढं तापतं तेवढं त्याचं अंग तापतं. पाणी तापलं की त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, जागा सोडणं. समुद्रात हे उघड दिसतंय. तारली पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याची, ती आता उत्तरेला कोकण-गुजरातपर्यंत जाळ्यात येते. दुसरी, खोल जाणं. वरच्या थरातला बांगडा आता तळाशी ओढलेल्या जाळ्यांतही सापडतो. तिसरी, आपलं शरीर बदलणं. पेशींच्या पडद्यातली चरबी बदलते, प्रथिनं उष्णतेने विसकटू नयेत म्हणून त्यांना सावरणारी वेगळी प्रथिनं तयार होतात, हृदय आणि कल्ले जास्त काम करायला लागतात. सायप्रिनसच्या नात्यातला गोल्डफिश तर पाणी तापलं की कल्ल्यांच्या पात्यांमधल्या पेशी कमी करून श्वासाला जास्त पृष्ठभाग मोकळा करतो. यातलं काही तासाभरात होत नाही, दिवस जातात. आणि या सगळ्याला ऑक्सिजन लागतो.

आता शेततळं बघा. पहिली वाट बंद, चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद. दुसरी वाट दिसायला उघडी: खाली पाणी गार आहे, पण तिथे ऑक्सिजन नाही. तिसरी चालू आहे, पण तिचा खर्च रोज वाढतोय. पंचवीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, बत्तीस अंशांना ७.३. आपण पठारावर, पाचशे-सहाशे मीटर उंचीवर, म्हणजे त्यातूनही सहा-सात टक्के वजा. उलट माशाची गरज दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होते, म्हणजे सात अंशांत सुमारे साठ टक्क्यांनी. आवक आठव्या हिश्श्याने घटली आणि खर्च दीडपटीच्या वर गेला, असा हा ताळेबंद आहे.

खालची प्रत्येक तपासणी यासाठीच आहे: आवक कुठे तुटली आणि खर्च कुठे फुगला ते शोधायचं, आणि जमलं तर ती दुसरी वाट, खालचं गार पाणी, माशाला परत मोकळी करून द्यायची.

१. घड्याळ बघा (फुकट)

एक दिवस पहाटे चार-साडेचारला तळ्यावर जा, मग सहाला, मग दहाला. पहाटे त्रास आणि दहाला ठीक, म्हणजे ऑक्सिजन. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन बनवतं आणि रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो खातात, म्हणून सूर्य उगवायच्या सुमाराला सगळ्यात कमी असतो. दिवसभर, भर दुपारीसुद्धा धाप लागत असेल तर अमोनिया, कल्ल्यांचा आजार किंवा विष यांचा संशय घ्या.

एक गोष्ट इथेच सांगतो. अंधारात एकट्याने तळ्यावर जाऊ नका. ओल्या कागदावर पाय घसरला की पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. काठाला गाठी मारलेला दोर कायमचा बांधलेला असावा, एक हवा भरलेली ट्यूब जवळ असावी. कुंपण असेल तर त्याला कडी लावा. माशांपेक्षा हे आधी.

२. खाद्य थांबवा (फुकट, उलट पैसे वाचतात)

त्रास दिसला त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद. दोन दिवस उपाशी राहिल्याने रोहू मरत नाही, पोट भरल्याने मरतो. खाल्लेलं पचवायला माशाला वेगळा ऑक्सिजन लागतो आणि न खाल्लेला कोंडा-पेंड तळाशी कुजून तोच ऑक्सिजन खातो. म्हणजे एकाच मुठीचे दोन तोटे.

परत सुरू करताना संध्याकाळचं खाद्य बंदच ठेवा. सकाळी दहा-अकराला, पाण्यात ऑक्सिजन वाढायला लागल्यावर, निम्म्या मापाने द्या आणि वीस-पंचवीस मिनिटांत संपतं का बघा. मे महिन्यात वजन वाढवायच्या मागे लागू नये, या मताचा मी आहे. तो महिना मासा जगवण्याचा.

३. हात घाला (फुकट)

दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, हात कोपरापर्यंत पाण्यात सरळ बुडवा. कोपर ते तळवा साधारण तीस-चाळीस सेंटिमीटर. तळवा अंधुक दिसला तर ठीक. मनगटापर्यंतही दिसेना, पाणी रंगाच्या डब्यासारखं हिरवं, तर शेवाळ फार झालं आहे. असं तळं दुपारी ऑक्सिजनने भरून वाहतं आणि पहाटे रिकामं होतं.

इथे घाई नडते. शेवाळ मारायला मोरचूद किंवा तणनाशक टाकायचा मोह होतो. टाकू नका. मेलेलं शेवाळ एकदम कुजतं आणि त्याच रात्री उरलासुरला ऑक्सिजन जातो. हिरवं पाणी अचानक तपकिरी होणं ही जी लक्षणांत खूण दिली, ती हीच. दाट पाण्यावर उपाय साधा आहे: शेणखत, रासायनिक खत बंद, खाद्य कमी, आणि शक्य असेल तर थोडं थोडं पाणी काढून पिकाला द्यायचं आणि तेवढं ताजं भरायचं. पिकालाही ते पाणी चांगलं.

जलपर्णी सोडून सावली करणारेही भेटतात. ती पसरली की हवा आणि उजेड दोन्ही अडवते. सावली हवी तर एका कोपऱ्यावर शेडनेट ताणा, पूर्ण तळं झाकू नका.

४. पाइपाचं तोंड कुठे आहे?

बोअरचं पाणी सोडलं तरी मासे वर येतातच, ही हमखास ऐकू येणारी तक्रार. जाऊन बघावं तर पाइप थेट पाण्यात बुडवलेला असतो. बोअरचं पाणी गार असतं, पण जमिनीखालून येतं, त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि कधी कधी कार्बन डायऑक्साइड किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू असतो. ते तसंच सोडणं म्हणजे कमी ऑक्सिजनच्या तळ्यात त्याहून कमी ऑक्सिजनचं पाणी मिसळणं.

तोंड पाण्याच्या तीन-चार फूट वर घ्या. पुढे जुन्या तुषार संचाची तोटी, भोकं पाडलेला पाइप किंवा नुसता पत्रा लावा. पाणी फुटून पडलं पाहिजे, धार पडून उपयोग नाही. आणि हे दुपारी चारला नाही, रात्री दोननंतर चालवायचं. थेंब हवेतून जातात तेव्हाच ऑक्सिजन घेतात, आणि पाण्यात तो जितका कमी तितका वेगाने घेतात.

शेतीची लाइट आठवडा बदलून दिवसा-रात्री येते, हे मान्य. दिवसपाळीच्या आठवड्यातच मासे मरतात, कारण पहाटे मोटर चालत नाही. त्या आठवड्यासाठी डिझेल इंजिन तळ्यातलंच पाणी उचलून परत फवारेल अशी सोय आधी करून ठेवा. पहाटे पाचला शेजाऱ्याकडे इंजिन मागायला जाणं म्हणजे उशीर झालेला असतो.

५. वर-खाली तापमान मोजा (शंभर-दोनशे रुपये)

एक साधा काचेचा थर्मामीटर, एक बाटली, दोरी, दगड. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी. तळाशी गेल्यावर बूच ओढा, भरू द्या, वर काढून लगेच तापमान बघा. मग वरच्या पाण्याचं बघा. हे दुपारी तीनला करा.

दोन-तीन अंशांच्या वर फरक निघाला तर तळ्यात दोन थर पडले आहेत. वरचं गरम पाणी हलकं, ते खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसतं. खाली उजेड नाही, हवा नाही, फक्त गाळ आहे, तो ऑक्सिजन संपवतो. माशाला गारव्यासाठी खाली जायचं असतं आणि श्वासासाठी वर, त्यात तो अडकतो.

आणि मग वळीव येतो. दिवसभर आभाळ, शेवाळाने ऑक्सिजन बनवलेला नाही, संध्याकाळी वादळ, गारेगार पाऊस. वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बसतं, खालचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. दुसऱ्या दिवशी तळं मेलेल्या माशांनी पांढरं झालेलं असतं. लोक म्हणतात वीज पडली. वीज नसते, थर उलटलेले असतात. ढगाळ दिवसानंतर वळीव आला की ती रात्र जागायची, हा एक नियम पाळला तरी बरंचसं नुकसान टळतं.

थर पडू नयेत म्हणून रोज दुपारी बारा ते दोन पाणी ढवळा: पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून फूटभर वर, आणि पाणी पृष्ठभागावर फवारून. दुपारी वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, तो खाली जातो, खालचा गारवा वर येतो. दुसरी वाट उघडते ती अशी. पण महिनाभर न ढवळलेलं तळं पहिल्यांदा ढवळताना अर्धा-पाऊण तासाने सुरुवात करा, तेही स्वच्छ उन्हाच्या दिवशी. संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी कधीच नाही. वळीव जे करतो तेच आपण करून बसतो.

६. पाणी किती, मासा किती?

हा हिशेब कुणी करत नाही आणि मुळाशी बहुतेक वेळा हाच असतो. तीस बाय तीस बाय तीन मीटरचं तळं, काठाचा उतार १:१ धरला, तर भरल्यावर सुमारे २२ लाख लिटर. पाणी दीड मीटरवर आलं की निम्मं उरतं असं वाटतं, पण खाली तळं अरुंद आहे. उरतं दहा लाखांच्याही खाली.

आता मासा. समजा सप्टेंबरमध्ये दहा ग्रॅमची २,००० बोटुकली सोडली: २० किलो. मे महिन्यात त्यातले १,५०० जगले आणि सरासरी ४०० ग्रॅमचे झाले: ६०० किलो. लिटरमागे माशाचं वजन साठ-सत्तर पट झालं, आणि नेमकं त्याच महिन्यात पाणी सगळ्यात गरम. थंडीत सगळं सुरळीत होतं, मग आताच काय झालं, याचं उत्तर या दोन ओळींत आहे.

फेकजाळं टाकून वीस-पंचवीस मासे काढा, वजन करा, सरासरी काढा. पहाटे जाळं टाकू नका, अकरानंतर टाका. मग निर्णय घ्या: पाणी पाच फुटांच्या खाली जाणार असेल, तर एप्रिलमध्येच मोठे मासे काढून विकायचे. भाव थोडा कमी मिळेल. मेलेल्याला काहीच मिळत नाही. पिकाला पाणी द्यायचं की माशाला ठेवायचं, हा झगडा प्रत्येक घरात असतो. त्याचा तोडगा मासे आधी कमी करणं हाच आहे, पाण्यावरून भांडणं नाही.

पुढच्या हंगामासाठी जात बदलायचा विचार मनात येतो. पंगस हवा गिळून काही काळ निभावतो. मरळ आणि देशी मागूर आटत्या डोहात जगतात ते याच बळावर. पण मरळ इतर मासे खातो, त्याचं गणित वेगळं. थाई मागूर मात्र कुणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका, त्यावर देशात बंदी आहे.

७. किट आणा

इथपर्यंत करूनही पहाटेचं तोंड वर काढणं थांबलं नाही, तर पैसे खर्च करायची वेळ आली. विरघळलेला ऑक्सिजन, सामू (पीएच) आणि अमोनिया या तिन्हींचं किट घ्या.

ऑक्सिजन पहाटे पाचला मोजा. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तर ऑक्सिजनचा प्रश्न नाही. तीनच्या खाली मासा ताणात असतो, एकच्या आसपास गेला की काही तासांचा खेळ.

अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका, सामू आणि तापमान बघून वाचा. तीस अंशांच्या पाण्यात सामू ८ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग सुमारे साडेसात टक्के असतो. सामू ९ झाला की तोच ४५ टक्क्यांच्या जवळ जातो. दाट हिरव्या तळ्यात दुपारी सामू सहज ९ होतो. म्हणून अमोनिया दिवसा, दुपारी नडतो, ऑक्सिजन पहाटे. आणि म्हणूनच काहीही झालं की चुना टाका, हा सल्ला इथे घातक आहे. चुन्याने सामू वाढतो आणि आहे तोच अमोनिया जास्त विषारी होतो. सामू मोजल्याशिवाय चुन्याचं पोतं फोडू नका.

ऑक्सिजनच्या गोळ्या, पावडरी दुकानात मिळतात. एका वाईट पहाटेपुरत्या ठीक, रोजचा उपाय नाही.

८. एरेटर, मग गाळ

मासा जास्त ठेवायचाच असेल तर चाकाचा एरेटर, म्हणजे पाणी उसळून त्यात हवा मिसळणारं यंत्र, लागतो. तळ्याच्या मधोमध, मध्यरात्रीनंतर ते सूर्य उगवून तासभर होईपर्यंत. तो घेण्याआधी रात्रीच्या विजेची खात्री करा, नाहीतर लोखंड पाण्यावर तरंगत राहतं.

शेवटचं आणि सगळ्यात कष्टाचं म्हणजे गाळ. दोन-तीन वर्षं न उपसलेल्या तळ्यात कागदावर काळा, वास मारणारा थर असतो. मासे असताना तो ढवळू नका. मासे काढून, तळं रिकामं करून, कागद न फाडता काढायचा, म्हणजे मे अखेर. फावडं नको, रबरी खराटा आणि पाण्याचा जोर.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाणी फवारून, खाद्य बंद करून दोन रात्री झाल्या आणि तरीही मासे मरत आहेत. दिवसभर धाप आहे. कल्ले लालऐवजी राखाडी, कुजलेले दिसतात. अंगावर लाल चट्टे, कापसासारखी बुरशी आहे. यातलं काहीही असेल तर घरगुती औषधं बंद. दुकानदाराने दिलेलं प्रतिजैविक अंदाजाने टाकणं तर मुळीच नको.

मासे गोल फिरत, वेडेवाकडे उड्या मारत मेले, लहान-मोठे एकदम मेले, पाण्यातले किडेही मेले, तर कीटकनाशकाचा संशय धरा. पायरेथ्रॉइड गटातली फवारणीची औषधं माशाला अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. फवारणीचा पंप तळ्यावर धुतला का, शेजारच्या द्राक्षबागेत काल फवारणी झाली का, ते आधी विचारा. असे मासे खायचे नाहीत, विकायचे नाहीत, कुत्र्यालाही टाकायचे नाहीत. ते पाणी जनावरांना पाजायचं नाही.

मोटरच्या बॉडीला किंवा ओल्या वायरला झिणझिणी जाणवली तर पाण्यात हात घालू नका, मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. त्या रात्री मासे गेले तरी चालतील.

माशांसाठी जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र गाठा. तपासणीला मेलेला मासा नेऊ नका, उन्हाळ्यात दोन तासांत तो कुजतो आणि त्यातून काही कळत नाही. मरायला टेकलेले तीन-चार जिवंत मासे तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्या. पाण्याची बाटली काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता भरा आणि बर्फात ठेवा. सोबत कागदावर लिहून न्या: तळ्याची मापं, आजचं पाणी, किती बोटुकली कधी सोडली, शेवटचं खाद्य कधी आणि किती, पहाटे व दुपारचं तापमान, आठवड्यात तळ्यात काय काय टाकलं. शेवटचं खरं खरं लिहा.